फुगलेला मोबाईल आणि छापील कबुली

जगदेवराव भोइट्यांकडून पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीला फक्त एका वाक्यावर सही हवी होती. वाक्य छापून तयार होते. नाव आणि तारखेपुरती जागा कोरी सोडलेली होती. ‘संस्थेने वापरण्यास दिलेला मोबाईल माझ्या निष्काळजीपणामुळे जळाला, असे मी स्वखुशीने लिहून देतो.’ सोमवारी दुपारपर्यंत सही झाली तर सावली तालुक्यातल्या कारखान्याच्या फाटकावरची पहारेकऱ्याची नोकरी राहणार होती. न झाली तर गणवेश परत करायचा होता. जगदेवरावांचे वय एकोणसाठ. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. स्वखुशीची सही कोणत्या हाताने करायची, याचा विचार वाक्य छापणाऱ्याने केलेला नव्हता.

निष्काळजीपणा हा शब्द आपल्या समाजात नेहमी वरून खाली वाहतो. पूल पडला तर तो मुकादमाचा असतो, रुग्ण दगावला तर परिचारिकेचा, आग लागली तर पहारेकऱ्याचा. मालकाचा निष्काळजीपणा कधी ऐकिवात येत नाही. मालकाच्या बाबतीत त्याला ‘अडचण’ म्हणतात. जगदेवरावांनी हा शब्द स्वतःबद्दल आयुष्यात प्रथमच वाचला, आणि त्यांचे सगळे आयुष्य नेमके या शब्दाच्या विरुद्ध दिशेला गेलेले होते.

त्यांचे आजोबा बडोदे संस्थानाच्या पागेत शिपाई होते. संस्थान गेले, पागा गेली; वडील गिरणीच्या दारावर पहारा करू लागले. जगदेवराव स्वतः मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या हत्यारकोठीत सत्तावीस वर्षे होते. कामगाराला ड्रिल द्यायचे, संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, मापाची नाजूक उपकरणे तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवायची, हे त्यांचे काम. सत्तावीस वर्षांत एकही उपकरण गंजले नाही. पुढे कारखाना बंद पडला आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला बडोद्यात जे काम मिळते ते त्यांना मिळाले: निळा सदरा, शिट्टी आणि सावली तालुक्यातल्या एका रसायनांच्या कारखान्याचे फाटक.

एजन्सीने त्यांना मोबाईल दिला तो बोलण्यासाठी नव्हे. दर तासाला त्यात स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा; फोटो आणि ठिकाण दोन्ही आपोआप एजन्सीच्या सयाजीगंजच्या कचेरीत पोचत. मोबाईल बंद पडला तर तो तास गैरहजेरीचा. माणूस फाटकावर उभा आहे की नाही याचा पुरावा माणूस नव्हता, मोबाईल होता. त्याच्या पाठीवर एक चिकटपट्टी होती: ‘खोलल्यास सर्व जबाबदारी वापरणाऱ्याची.’ चार्जर सोबत होता, पण त्या मोबाईलचा नव्हता. एजन्सीकडे खोकेभर चार्जर होते. हात घालून जो आला तो दिला.

जगदेवरावांनी मोबाईल घरी आणला आणि देवघरासमोरच्या पाटावर ठेवला. भोइट्यांच्या घरात हत्यार उघडे ठेवत नाहीत. आजोबांची तलवार कधीच सरकारजमा झाली होती, पण खंडेनवमीला घरातले जे काही पोट भरते त्याची पूजा होते, आणि पूजा झालेली वस्तू वर्षभर वस्त्रात राहते. वडिलांच्या वेळी ती पहाऱ्याची काठी होती, जगदेवरावांच्या वेळी कोठीच्या किल्ल्या. त्यांच्या पत्नी अहल्याबाईंनी जुन्या गोधडीचा मऊ तुकडा कापला, आतून मखमल लावली, कॅमेऱ्यापुरते भोक ठेवले आणि मोबाईलला असा जाड अंगरखा शिवला की तो दगडावर पडला तरी त्याला खरचटले नसते. खंडेनवमीला त्यावर हळदकुंकू वाहिले.

तिथे चूक झाली. ती लपवण्याचे कारण नाही. पोलादाला हवेपासून वाचवावे लागते. मोबाईलला हवा लागते. तलवार तापत नाही, मोबाईल चालतो तेव्हा तापतो, चार्ज होतो तेव्हा अधिक तापतो, आणि ती उष्णता त्याच्या पाठीतून बाहेर पडावी लागते. पत्र्याच्या केबिनमध्ये, बंद खणात, गोधडीच्या अंगरख्यात तो दिवसभर चार्जिंगला लावलेला असे. पिढ्यान् पिढ्या शिकलेले जपणे इथे घातक होते, आणि हे जगदेवरावांना सांगणे हे ज्यांचे काम होते त्यांनी चिकटपट्टी लावण्यापलीकडे काही केले नव्हते.

चैत्र संपता संपता अंगरखा घट्ट होऊ लागला. अहल्याबाईंना वाटले कापड आटले. एका रविवारी जगदेवराव मोबाईल घेऊन मांडवीला गेले. तिथे एका कपड्याच्या दुकानाच्या पायरीशेजारी पीयूष नावाचा कारागीर काचेच्या लहानशा टपरीत मोबाईल दुरुस्त करतो. त्याने आधी अंगरखाच दोन बोटांत चोळून पाहिला.

“काका, आ शुं छे? मोबाईलला थंडी वाजते?”

“घरी शिवलंय. पडला तर लागू नये म्हणून.”

“पडला तर काच फुटेल. काच मी बदलून देईन. आतून शिजला तर काय बदलू?”

त्याने मोबाईल बाहेर काढला, काउंटरच्या सपाट काचेवर पाठीवर ठेवला आणि एका कोपऱ्याला बोटाने टिचकी मारली. मोबाईल भोवऱ्यासारखा गरगर फिरला.

“जोयुं, पाहिलंत? गरबा सुरू.” मग तो हसायचा थांबला. “पाठ सपाट असती तर हा जागचा हलला नसता. बॅटरी फुगलीय. आत वायू भरलाय. हा दाबायचा नाही, टोचायचा नाही, चार्जिंगला तर लावायचाच नाही. फ्रीजमध्ये ठेवू नका, लोक ठेवतात. कचऱ्यात टाकू नका. बॅटरी आजच्या आज काढायला हवी.”

“मग काढ.”

पीयूषने मोबाईल पालथा केला, चिकटपट्टी वाचली आणि परत त्यांच्या पुढ्यात सरकवला.

“ही फाडली तर उद्या तुम्ही माझ्याकडे नोकरी मागायला याल, आणि माझ्याकडे स्टूल एकच आहे. तुमच्या साहेबाला सांगा. आणि हा चार्जर कुणी दिला? याचा नाहीये हा.”

“एजन्सीने.”

“उन्हात पत्र्याची केबिन, वर गोधडी, चार्जर परका. ढोकळासुद्धा इतका वेळ वाफवत नाहीत, काका.”

त्या दिवसापासून जगदेवरावांनी अंगरखा काढून टाकला. मोबाईल खणातून बाहेर आला, सावलीत मोकळ्या विटेवर बसला. मोबाईल अगदी संपत आला की ते तो थोडा वेळ चार्जिंगला लावत, समोर उभे राहत आणि लगेच काढत. मोबाईल बंद ठेवणे एवढे मात्र त्यांच्या हातात नव्हते. फुगलेली वस्तू बंद करायची तर माणूस गैरहजर होत होता.

आणि त्यांनी सांगितले. तीन वेळा सांगितले. एजन्सीचे फिरते अधिकारी विक्रमसिंह हे त्यांच्याच समाजातले, पस्तिशीचे, लग्नकार्यात पाया पडणारे. पहिल्यांदा ते मोटारसायकलवरून फाटकावर आले तेव्हा जगदेवरावांनी खुर्चीच्या फळीवर मोबाईल फिरवून दाखवला.

“वा काका, सर्कस शिकवलीत त्याला!” विक्रमसिंह म्हणाले. “रबर लावा दोन. घट्ट बसेल.”

“मांडवीतला कारागीर म्हणतो, दाबायचा नाही.”

“कोण म्हणतं? मांडवीतला टपरीवाला? मग पगार त्याच्याकडून घ्या.”

दुसऱ्यांदा फोनवर: “नवीन येतायत काका, महिनाभर काढा. सगळ्यांचेच जुने आहेत. तुम्ही एकटेच तक्रार करता.” तिसऱ्यांदा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यांचा आवाज बदलला होता.

“गोधडीत घातला होता ना तुम्ही? सगळ्यांना माहीत आहे, दसऱ्याला तुम्हीच कौतुकाने दाखवत होता. मी वर कळवलं तर पहिला प्रश्न तोच येईल. तुमच्या भल्यासाठी सांगतो, गप्प बसा.”

माणसाच्या प्रामाणिक चुकीचा असा उपयोग करता येतो. तुम्ही चुकलात, म्हणून तुम्ही धोका दाखवायचा नाही. आणि धोका दाखवला नाही, म्हणून तुम्ही पुन्हा चुकलात. या फासातून सुटण्याची वाट तो विणणाऱ्यांनी ठेवलेली नसते. ही एका उद्धट अधिकाऱ्याची गोष्ट नव्हे. विक्रमसिंहांच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेले होते आणि त्याला बिघाडाच्या बातम्या आवडत नव्हत्या. पण आपल्या वरच्याची भीती खालच्याच्या अंगावर काढण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी दोनला, मोबाईलमध्ये नऊ टक्के उरले होते. तीनचा फोटो चुकला असता. जगदेवरावांनी तो विटेवर ठेवून चार्जिंगला लावला. फाटकाबाहेर रसायनाचा एक टँकर आत सोडण्याची वाट पाहत उभा होता. ते चालकाची कागदपत्रे तपासत होते. मागे सापाने फूत्कार टाकावा तसा आवाज झाला. वळून पाहतात तो मोबाईलच्या पाठीतून पांढरा धूर दाबाने बाहेर पडत होता, आणि पाठोपाठ ज्वाळा. टँकर दहा पावलांवर होता.

त्यांनी तार खेचली. मोबाईल उजव्या हाताने उचलला, आठ पावले धावले, वाळूच्या लाल बादलीत तो टाकला आणि डाव्या हाताने वर वाळू लोटली. हे सगळे पाच-सहा सेकंदांचे काम. तळहाताची कातडी मोबाईलबरोबर बादलीत गेली होती. टँकरचालकाने त्यांना खाली बसवले आणि हातावर पाण्याची बाटली ओतत तो गुजरातीत एकच वाक्य म्हणत राहिला: “दादा, मला पळता आलं नसतं. दादा, मला पळता आलं नसतं.”

चौथ्या दिवशी विक्रमसिंह घरी आले. सोबत सफरचंदे होती आणि तो छापील कागद.

कागदावर सही न करायला आधी घरातूनच विरोध झाला. अहल्याबाई म्हणाल्या, “अहो, करा सही. एक ओळ तर आहे.”

“खोटी ओळ आहे.”

“खोटी कशी? अंगरखा मी शिवला. शिवला तो शिवला, वर हळदकुंकू वाहिलं. माझ्याच हातानं झालं ते सगळं.” त्या रडत नव्हत्या, रागावल्या होत्या, स्वतःवर. “मोबाईल म्हणजे काय असतो हे मला कळलं नाही. तुम्हाला कळलं नाही. मग अडाण्यांनी सही करावी आणि गप्प बसावं.”

“कळलं तेव्हा काढला ना अंगरखा? महिनाभर उघडा होता तो. महिनाभर मी सांगत होतो.”

“कुणाला? विक्रमला? तो ऐकणार?”

“ऐकावं म्हणून तर त्याला पगार आहे.”

“आणि नोकरी गेली तर?”

जगदेवरावांनी डाव्या हाताने छापील कागद बाजूला सारला. मग म्हणाले, “कोठीत सत्तावीस वर्षं काढली, अहल्या. हत्यार मोडलं की मी विचारायचो, कसं मोडलं? ज्यानं मोडलं त्यानं खरं सांगितलं तर पुढच्याचं बोट वाचायचं. ‘माझी चूक’ एवढंच म्हणून जो निघून जायचा ना, त्याच्यामुळे दुसरा कापला जायचा. कागद आण. माझ्यानं धरवत नाही पेन. मी सांगतो, तू लिही.”

“काय लिहू?”

“अंगरख्यापासून सुरू कर.”

अहल्याबाईंनी लिहिले. ‘मोबाईल मी सहा महिने गोधडीच्या कापडात गुंडाळून चार्ज करत होतो. त्यामुळे तो तापला. ही माझी चूक आहे.’ या ओळीवर अहल्याबाईंचे पेन थांबले; त्यांना ‘माझी’च्या जागी ‘माझ्या पत्नीची’ लिहायचे होते. जगदेवरावांनी लिहू दिले नाही. पुढच्या ओळी त्यांनी एका दमात सांगितल्या. चार्जर त्या मोबाईलचा नव्हता. बॅटरी फुगल्याचे कळताच कापड काढले. एजन्सीचे अधिकारी विक्रमसिंह यांना तीन वेळा सांगितले. त्यांनी रबर लावण्यास सांगितले. मोबाईल बंद ठेवण्याची परवानगी नव्हती. दुरुस्त करण्याचीही नव्हती. खाली जगदेवरावांनी डाव्या हाताने सही केली.

सोमवारी सकाळी ते सयाजीगंजच्या कचेरीत गेले. गणवेश धुऊन, इस्त्री करून पिशवीत घेतला होता. कचेरीत हजेरीच्या ॲपचा नवा पासवर्ड घ्यायला आलेले आठ-नऊ पहारेकरी भिंतीला टेकून उभे होते. त्यांत गंगाबाईही होत्या. त्या मुलींच्या एका वसतिगृहावर पहारा देतात आणि तिथल्या मुली त्यांना वचकून असतात.

विक्रमसिंहांनी कागद वाचला. “हे काय आहे, काका? मी एक ओळ मागितली, तुम्ही पोथी आणलीत.”

“झालं ते लिहिलंय.”

“आणि ही सही? ही तुमची वाटत नाही.”

“उजवा हात तुमच्या मोबाईलला दिला.”

भिंतीकडून कुणीतरी नाकातून हसले. विक्रमसिंह सावरून बसले. “हे मी घेऊ शकत नाही. छापील नमुना आहे, त्यावर सही करायची. काका, मी आपला म्हणून इतकं करतोय. तीन वेळा सांगितलं याला पुरावा काय? आणि फुगला होता याला तरी पुरावा काय? आता तो कोळसा झालाय.”

जगदेवराव वळले. “गंगाबाई, तुमचा मोबाईल द्या जरा.”

टेबलावर जाड काच होती. त्यांनी डाव्या हाताने मोबाईल त्यावर उताणा ठेवला आणि टिचकी मारली. तो हलला नाही. त्यांनी पुढच्याकडे हात केला. तो जेमतेम सरकला. तिसरा फिरला. संथ, पुरा एक वेढा. मग न सांगता एकेक जण पुढे येऊन आपला मोबाईल काचेवर ठेवू लागला आणि आपल्याच बोटाने टिचकी मारून पाहू लागला. नऊ मोबाईलांपैकी चार फिरले. एकावर दोन रबरे होती. ती काढल्यावर पाठ उघडलेल्या शिंपल्यासारखी वर आली.

“ह्याला काय झालंय?” ज्याचा तो होता त्या माणसाने विचारले. “मी उशाखाली ठेवून झोपतो हा.”

“झोपू नका,” जगदेवराव म्हणाले. “चार्जिंगला लावू नका. दाबू नका. रबर कुणी लावायला सांगितलं?”

त्या माणसाने विक्रमसिंहांकडे पाहिले.

“नाटकं पुरे,” विक्रमसिंह म्हणाले. “उचला सगळे आपापले मोबाईल.”

पाच जणांनी उचलले. चार मोबाईल काचेवर राहिले, विक्रमसिंहांपासून हातभर अंतरावर. विक्रमसिंहांनी खुर्ची मागे घेतली. ते कुणाच्या लक्षात आले नसते, पण खुर्चीची चाके वाजली.

“काय झालं, साहेब?” गंगाबाईंनी विचारले. “दोन रबरं लावा ना. घट्ट बसेल.”

“काका, हे तुम्ही इथून बाहेर ठेवा आधी. तुम्हाला कळतं यातलं.”

“मला कळतं हे लिहून देता?” जगदेवराव म्हणाले. “तुमच्या कागदावर तर मी निष्काळजी आहे.”

पाच मिनिटांनी त्यांच्या निवेदनावर कचेरीचा शिक्का पडला आणि पोच त्यांच्या हातात आली. छापील कागद कोराच राहिला. त्यांनी एकेक मोबाईल बंद केला, न दाबता, कडांनी धरून मागच्या अंगणात नेला आणि मोकळ्या फरशीवर एकमेकांपासून दूर ठेवला. मग आत येऊन गणवेशाची पिशवी टेबलावर ठेवली. ती नको असे कुणी म्हणाले नाही. मंगळवारी सावलीच्या फाटकावर दुसरा माणूस उभा होता.

जूनमध्ये एजन्सीने सर्व पहारेकऱ्यांना एक परिपत्रक दिले. मोबाईलवर कापडाचे किंवा घरी शिवलेले आवरण घालण्यास सक्त मनाई आहे. घातल्यास कारवाई होईल. जगदेवरावांच्या निवेदनातली स्वतःची चूक सांगणारी पहिली ओळ एजन्सीने घेतली, तिचा नियम केला आणि बाकीच्या ओळी कपाटात ठेवल्या. या देशातल्या सुरक्षेचे नियम बहुधा असेच तयार होतात: खालच्या माणसाने प्रामाणिकपणे कबूल केलेल्या चुकांतून, आणि वरच्यांनी दडवलेल्या चुका वगळून. जो खरे बोलला त्याच्याच सत्यातून त्याला दोषी ठरवणारा अर्धा भाग कापून घ्यायचा, एवढीच त्यात बुद्धी लागते.

परिपत्रक वाटले गेले तेव्हा गंगाबाईंनी ते उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हते.

“हे झालं कव्हराचं,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “फुगला तर सांगायचं कुणाला, ते कुठंय?”